आठ तास झोपण्याची मनीषनगरी पद्धत

गेल्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी माझं बीपी दोनदा मोजलं, मग मशीनवर संशय घेऊन तिसऱ्यांदा मोजलं आणि चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहिल्या. एक गोळी, सकाळी नाश्त्यानंतर. आणि झोप, सात ते आठ तास, रोज. कमी झोपेने बीपी चढतं, साखर बिघडते, चिडचिड वाढते, असं त्यांनी सांगितलं. (तिसऱ्या मुद्द्यावर बायकोने मान डोलावली.) गोळी चौकातल्या दुकानात लगेच मिळाली. झोपेचा पुरवठा मात्र नागपूरच्या मनीषनगरात अनियमित आहे. एक अख्खा उन्हाळा प्रयोग करून जी पद्धत हाती आली, ती गरजूंसाठी देतो आहे. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी पुढचं वाचू नये. त्यांची झोप विजेचं बिल उडवतं आणि त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

सर्वप्रथम तत्त्व समजून घ्या. झोप लागायची तर शरीराला आतून थोडं थंड व्हावं लागतं. त्यासाठी हातापायांच्या शिरा रुंदावतात आणि अंगातली उष्णता बाहेर सोडतात. आता ही उष्णता सोडायची कुठे? २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तेवढा रोज जात नाही, पण दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री बारापर्यंत ती कमाई खाली झोपणाऱ्यांना वाटत असतो. म्हणजे तुम्ही उष्णता सोडायला बघता, आणि घर तीच परत करतं.

म्हणून कूलर. कूलर हे यंत्र दिसतं तितकं साधं नाही. कोरडी हवा ओल्या वाळ्यातून ओढली की पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, आणि विदर्भाची हवा मे महिन्यात एवढी कोरडी असते की पाण्याला ही नोकरी मनापासून आवडते. पण त्यासाठी समोरची खिडकी उघडी हवी. खिडकी उघडली की मच्छर. बंद केली की दमट. हा पेच सोडवण्यात आमच्या घरात दोन पिढ्यांचं एकमत झालेलं नाही. वाळ्याच्या ताट्या होळीनंतर लगेच बदलाव्यात. मागच्या वर्षीच्या ताट्यांना 'अजून एक सीझन चालतील' म्हणणारा माणूस घरात असेल, तर त्याची खाट कूलरसमोर लावावी.

टाकी रात्री दहाला गळ्यापर्यंत भरा. ती अडीचच्या सुमारास संपते. पंप कोरडा पडला की आधी एक गुरगुर येते, मग ताटीवरची टपटप थांबते, आणि पाच मिनिटांनी तोंडावर असा वारा येतो की जणू कुणी तंदूरचं झाकण उघडलं. अशा वेळी घरातले सगळे जागे होतात आणि सगळे झोपल्याचं नाटक करतात. ज्याला शेवटपर्यंत धीर धरवत नाही, तो बादली उचलतो. आमच्याकडे तो मी.

पहाटे अडीचला गॅलरीत बादली ओतताना समोरच्या इमारतीतले काका भेटतात. तेही बादलीवर असतात. पोस्टातून निवृत्त झालेले, वय अठ्ठ्याहत्तर. "काहून भाऊ, झोप नाही लागून राहिली का?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न बघता सोनेगाव विमानतळाकडे बोट दाखवतात. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री तिथे उतरायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परतायची. "देश झोपला राहायचा बाप्पा, आन् नागपूर पत्रं उलटीपालटी करत राहायचं." काकांच्या मते नागपूरकराच्या रक्तात जागरण आलं ते तिथून. डॉक्टरांना हे कारण मी सांगितलं. त्यांनी गोळीचा डोस वाढवला.

आवाजाचं म्हणाल तर कायदा आपल्या बाजूने आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, आणि निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. लग्नसराईत लॉनवाल्याला हे नियम पाठ असतात, डीजेवाल्याला नसतात. मोकाट कुत्र्यांना तर नोटीसच मिळालेली नाही. शिवाय आपण निर्धास्त झोपावं म्हणून सोसायटीचा चौकीदार दर तासाला शिट्टी फुंकून आपल्याला उठवून सांगतो की तो जागा आहे. यावर उपाय पुन्हा कूलरच. त्याच्या घरघरीत वरात, कुत्री, शिट्टी आणि वर्धेकडे जाणारी मालगाडी सगळं बुडून जातं. तोटा एवढाच की मग तिच्याशिवाय झोप येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या रात्री मी दोन रजयांखाली, निव्वळ शांततेमुळे, टक्क जागा होतो.

जुन्या रहिवाशांची आणखी एक सोय होती. रेल्वे फाटक पडलं की स्कूटर बंद करून दहा मिनिटं डुलकी काढता यायची. २०२० मध्ये वर्धा रोडवरचा डबलडेकर पूल सुरू झाला, रुळांवरूनही पूल आला, आणि ती हक्काची झोप गेली. विकासाच्या अहवालात हे कुठे नोंदलेलं नाही.

खाण्यापिण्याचे नियम थोडक्यात. संध्याकाळी सातच्या चहातलं कॅफीन साधारण पाच तासांनी अर्धं होतं, म्हणजे रात्री बाराला अर्धा कप अंगात शिल्लक असतो. रात्री दहाला सावजी मटण खाऊन आडवं झालं की तर्री घशापर्यंत येऊन विचारपूस करते. आणि 'खर्रा घोटल्याशिवाय झोप येत नाही' म्हणणाऱ्याने हे जाणून घ्यावं की निकोटिन उत्तेजक आहे, झोप त्याच्यामुळे नाही तर त्याला न जुमानता येते.

मोबाईल उशाशी नको. त्याचा उजेड मेंदूला सांगतो की अजून सूर्य मावळला नाही, आणि सोसायटीचा ग्रुप सांगतो की पार्किंगचा वाद मावळला नाही. दूर ठेवून भागत नाही, माणूस चालत जातो. आमच्याकडे तो आवाज बंद करून गव्हाच्या कोठीत, गव्हाच्या खाली पुरतात. कोठीवर डाळींचे डबे, त्यांवर पापडांचं पातेलं. मोह झाला तरी हे सगळं उतरवायचा कंटाळा येतो.

इतकं करूनही रात्री चार तासांच्या वर हिशेब जात नाही. उरलेले चार तास दुपारी वसूल करावेत. याला शास्त्राधार आहे. आहार आणि ब्रह्मचर्याबरोबर निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानणाऱ्या चरकसंहितेने एरवी दिवसा झोपायला मनाई केली आहे, पण ग्रीष्मात, रात्री लहान असतात म्हणून, सूट दिली आहे. चरकांनी नौतपा पाहिला असावा.

तर मे महिना, दुपारचे दोन. पडदे ओले करून सोडलेले, टाकी भरलेली, मोबाईल कोठीत, रस्त्यावर कुत्रंही नाही. डोळा लागला. आणि बेल.

दारात पाठीवर मोठी बॅग घेतलेला पोरगा. तोंडाला दुपट्टा, फक्त डोळे दिसत होते, तेही लाल. त्याला आत बोलावलं, माठातलं पाणी दिलं. दोन तांबे गटागट प्यायला, कूलरसमोर क्षणभर उभा राहिला, डोळे मिटले. मला वाटलं आता हाच झोपतो.

"काका," तो डोळे न उघडता म्हणाला, "ओटीपी आला असेल पाहा तुमच्या मोबाईलवर."

बायकोने पापडांचं पातेलं उतरवायला घेतलं.