यीस्टकाका

शारजाच्या अल नहदापासून दुबईच्या अल कूझपर्यंत आम्हाला फुकट कार लिफ्ट मिळते. गाडी काकांची. भाडं ते घेत नाहीत; त्यांना हवे असतात ते कान.

काका एका बेकरीत क्वालिटी कंट्रोलला आहेत. ऐन तारुण्यात पुण्यात एमएस्सी करताना त्यांनी मायक्रोस्कोपखाली यीस्ट पाहिलं आणि तिथेच गुंतले. मग आखाती नोकरी आली, लग्न झालं, पीएचडी राहून गेली. ती आता रोज मागच्या सीटवर बसून आम्ही ऐकतो.

अल इत्तिहाद रोडवर गाड्या तुंबल्या की इतरांच्या कपाळाला आठ्या पडतात, काकांचा चेहरा खुलतो. पुढची गाडी हलेपर्यंत एक प्रथिन सांगून होतं.

"अरे, पेशी वाटोळी, सगळीकडून सारखी. मग कोंब नेमका कुठे फुटायचा हे ठरवतं कोण?"

आम्ही खिडकीबाहेर बघतो. उत्तर दिलं तर दुसरा प्रश्न येतो, हे जुन्या प्रवाशांना ठाऊक असतं.

"सीडीसी फॉर्टी-टू!" काका स्टिअरिंगवर थाप मारतात. "ते पडद्याला एका जागी गोळा होतं, तिथेच कोंब. मग अ‍ॅक्टिनचे दोर त्या दिशेला लागतात आणि बांधकामाचं सामान थेट कोंबात. आणि मानेशी सेप्टिनांचं कडं! आईचं आईकडे, लेकीचं लेकीकडे. उगाच सरमिसळ नाही."

"आणि सेप्टिन बिघडलं तर?" असं एकदा एका नव्या मुलाने विचारलं. आम्ही त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती तो जन्मभर विसरणार नाही. अल कूझ येईपर्यंत सिअ‍ॅटलचे हार्टवेल आमच्याबरोबर गाडीत होते. 1970 च्या सुमारास त्यांनी असे यीस्ट शोधले, जे 23 अंशांना सुखाने वाढतात आणि 36 अंशांना विभाजनात कुठेतरी अडून बसतात. त्यांतल्या चार जनुकांतून सेप्टिनं हाती लागली. ती बिघडली की कोंब सुटतच नाही, नुसता लांबत राहतो; आत केंद्रकं वाढत जातात, पण पेशी काही दोन होत नाही. 2001 मध्ये हार्टवेलना नर्स आणि हंट यांच्याबरोबर नोबेल मिळालं, हे काका अशा सुरात सांगतात की चौथं नाव केवळ जागेअभावी गाळलं असावं.

"36 अंशांना अडतात म्हणे," बाहेरच्या जुलैकडे बघत मागून कोणीतरी पुटपुटलं. "आपल्याला तेवढ्यात स्वेटर लागेल."

काकू शारजातल्या शाळेत शिकवतात. 2022 पासून तिथल्या शाळांना शुक्रवार ते रविवार सुट्टी असते, त्यामुळे काकू पावाच्या ऑर्डरी घेतात आणि काका कणकेच्या गोळ्याजवळ उभे राहून आत काय चाललंय ते सांगतात. "अहो, तो गोळा झाका आणि बाहेर व्हा," एवढंच काकू म्हणतात. सेप्टिनाचं नावही न घेता त्यांचे पाव कापसासारखे फुगतात, हे काकांचं खरं दुःख.

गेल्या गणपतीनंतर आमच्या मंडळात दोन तट पडले. भांडण ऑर्केस्ट्राच्या बिलावरून होतं. समेटाच्या सभेत काका उठले आणि कागदी प्लेटवर त्यांनी दुसरं यीस्ट काढलं, कांडीसारखं. हे 1893 मध्ये आफ्रिकेच्या बिअरमधून सापडलेलं. शारजात दारूबंदी असल्याने 'बिअर' हा शब्द ते कुजबुजले. "ही कांडी जाड होत नाही, टोकांनी लांब वाढते. साधारण 14 मायक्रॉन झाली की बरोबर मध्यावर दोन! मध्य कसा सापडतो? पॉम-वन टोकांना बसून सांगतं, इथे तोड नको. मग मधोमध अ‍ॅक्टिन-मायोसिनचं कडं आवळत जातं आणि मागोमाग भिंत उभी राहते. टी-वन हे प्रथिन नसलं तर हीच कांडी वाकडी होते, नाहीतर तिला मधूनच फाटा फुटतो. आपल्या मंडळाचं तेच झालंय!"

दोन्ही गटांचं वर्षभरात पहिल्यांदाच एकमत झालं: काकांचा माइक बंद करा.

मंडळ फुटलंच. एकाकडे सभासदांची यादी गेली, दुसऱ्याकडे ढोल-ताशे आणि समया. हिशेबाची वही कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. काका दोन दिवस गाडीत गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "यीस्ट वेगळं होण्याआधी सगळ्या वहीची नक्कल काढतं. 1 कोटी 20 लाख अक्षरं! एक प्रत आईला, एक लेकीला. आपल्या लोकांना चाळीस पानांची झेरॉक्स काढता येईना."

त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही सगळे मनापासून "खरंय" म्हणालो. तीच आमची चूक. काकांनी लगेच गाडीत पांढरा बोर्ड बसवून घेतला.

तेव्हा अल नहदात नवीन आला असाल, तर काकांच्या गाडीत जरूर या. गाडी ठरल्या मिनिटाला निघते, एसी थंडगार असतो आणि सोमवारी काकूंचे पाव मिळतात. फक्त "आणि मग?" एवढं विचारू नका.