सव्वादोन माणसांचा लेथ

बँकेतून निवृत्त झाल्यावर बायका अष्टविनायक करतात. माझी बासरी, बोन्साय आणि जपानी भाषा सुरू करून सोडून झाली होती. त्यामुळे "सावंतवाडीला लाकूड कातायचा जुना लेथ घ्यायला जाते," म्हटल्यावर ह्यांनी पेपर खालीसुद्धा केला नाही. एवढंच विचारलं, "सोडून द्यायला जड नाही का पडणार?"

भाच्याला सारथी केलं आणि आंबोली घाट उतरले. सावंतवाडीचा मोती तलाव सुंदर आहे. राजवाड्यात गंजिफाचे गोल पत्ते रंगवतात. दशावताराच्या जोडात 120 पत्ते, म्हणजे हरवायलाही भरपूर. पर्यटन संपलं.

लेथ विकणारे काका जुने कातारी. त्यांनी पांगाऱ्याचा ठोकळा दोन टोकांत अडकवला, पटाशी टेकवली आणि बघता बघता त्याचा भोवरा झाला. मग फिरत्या लाकडावर लाखेची लाल कांडी दाबली. घर्षणाच्या उष्णतेनंच लाख वितळते आणि लाकडावर बसते. ब्रश नाही, भट्टी नाही. शेवटी केवड्याचं पान दाबलं आणि भोवरा चकाकला.

"बाय, ह्यां धूड तुमका झेपतलां काय?"

"हो," मी म्हटलं. कर्ज मंजूर करताना लागणारा आवाज अजून शाबूत आहे.

त्यांनी बेअरिंगांत तेल सोडलं, खांद्यावरच्या पंच्यानं लेथचा बेड पुसला आणि तोच पंचा बराच वेळ घडी घालत राहिले. गाडीत मी घासाघिशीची चांगली तालीम केली होती. ती तशीच परत आणली.

परतताना छोट्या हत्तीवर लेथ, पुढे भाच्याशेजारी मी. घाटात पाऊस आला. बिडाला गंज लवकर चढतो, म्हणून ताडपत्रीखाली माझा रेनकोटही लेथला घातला. आंबोलीचा धबधबा कधी आला आणि कधी गेला, भाच्याला विचारा. मी मागच्या काचेतून ताडपत्री बघत होते.

पुण्यात आमच्या इमारतीच्या दारात सेक्रेटरी उभे. "लिफ्टमधून यंत्रसामग्री नेता येणार नाही. लेखी अर्ज द्या, मीटिंगमध्ये घेऊ."

लिफ्टमधल्या पाटीवर लिहिलंय: 4 व्यक्ती, 272 किलो. म्हणजे माणशी 68. लेथ दीडशेच्या आसपास, म्हणजे सव्वादोन माणसं. "यांना पाहुणे समजा," मी म्हटलं. सेक्रेटरींनी समजलं नाही. मग हेडस्टॉक सुटला, टेलस्टॉक सुटला, आणि बेड हमालांच्या खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेला. प्रत्येक मजल्यावर एक दार उघडत होतं आणि "काय आणलंत?" विचारून हात न लावता बंद होत होतं.

सगळं बाल्कनीत जोडल्यावर वायरमननं मोटर पाहिली. "मॅडम, ही थ्री फेज आहे." आमच्या घरात एक फेज, 230 व्होल्ट. हे ऐकून ह्यांना इतका आनंद झाला की त्यांनी चहा केला.

दुसरी मोटर आली, सिंगल फेज, एक हॉर्सपॉवरची. बटण दाबलं. लाकूड आपल्या बाजूनं वरून खाली यायला हवं, हे खालून वर निघालं. मोटर उलटी फिरत होती! लाकूड धरणाऱ्या फेसप्लेटचे आटे असे असतात की सुलट फिरताना ती घट्ट होत जाते. उलट फिरली की सुटते. सुटली. स्क्रूनं जखडलेल्या ठोकळ्यासकट बाल्कनीतून हॉलमध्ये आली, दिवाणाला वळसा घातला आणि आवाजाची तक्रार घेऊन दारात उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या चपलेशी थांबली.

"पाहुणे खाली निघाले होते," हे म्हणाले.

वायरमननं स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली, मोटर सुलट झाली. आता लेथखाली जाड रबर आहे आणि दुपारी दोन ते चार मी गप्प असते. पुण्यात राहायचं तर हे भाग आहे.

माझं पहिलं लाटणं मधे इतकं बारीक झालं की त्यानं पोळी कडेला पातळ आणि मधे जाड होते. ह्यांनी ती खाल्ली आणि बासरीबद्दल काही बोलले नाहीत. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात एवढं कौतुक मला पुरतं.

परवा सेक्रेटरी पुन्हा आले. हातात पिशवी, पिशवीत त्यांच्या देव्हाऱ्याचा मोडका कातीव खांब. "वडिलांच्या वेळचा आहे. असा दुसरा होईल का?"

मी खांब उलटसुलट करून पाहिला. होण्यासारखा होता.

"लेखी अर्ज द्या," मी म्हटलं.