कर्णपिशाच्चाचा उमेदवार

नाशिकच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या उमेदवारांचे ढोबळमानाने दोन पंथ पडतात. पहिल्या पंथाचा भरवसा लक्ष्मीकांतावर. हे विष्णूचं नाव नव्हे, राज्यघटनेवरच्या त्या जाडजूड पुस्तकाच्या लेखकाचं. एमपीएससी करणाऱ्या पोरांत त्याची पारायणं होतात. दुसऱ्या पंथाचीही पारायणं झालेली असतात, पण कलम ३५२ कुठल्या आणीबाणीचं आणि ३५६ कुठलं, हे ऐन वेळी आठवत नाही. मग हा दुसरा पंथ कर्णपिशाच्चाकडे वळतो. कर्णपिशाच्च म्हणजे कानाशी बसून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुजबुजणारं पिशाच्च. मंत्रशास्त्राच्या पोथ्यांत त्याच्या साधना दिलेल्या आहेत. मागच्या पिढीत एखाद्या ज्योतिषाने समोरच्याच्या आजोळचं गाव अचूक सांगितलं, की लोक आवाज खाली आणून म्हणत, "त्याला कर्णपिशाच्च वश आहे." ज्योतिषाकडून हे पिशाच्च उमेदवाराकडे सरकलं यात नवल काहीच नाही. परीक्षागृहात मोबाइल नेता येत नाही, ब्लूटूथ झडतीत सापडतं. पिशाच्च सापडत नाही आणि त्याला हॉलतिकीटही लागत नाही.

या माणसाबद्दल शहाण्यासुरत्या लोकांचं एक ठरलेलं मत आहे. आळशी आहे, कष्ट नकोत, म्हणून भुताच्या मागे लागलाय. हे मत साधकाच्या दिनचर्येपुढे टिकत नाही. अमावास्येला प्रारंभ, ४१ दिवसांचा संकल्प, रोज मध्यरात्री उठून गार पाण्याने अंघोळ. (काही पोथ्यांत उलट अंघोळच करू नये असा नियम आहे; पण आपला साधक मध्यमवर्गीय घरातला असल्यामुळे तो अंघोळवाला पाठ घेतो.) जानेवारीत निफाडकडचा पारा द्राक्षबागायतदाराची झोप उडवतो, त्या दिवसांतही हा डोक्यावर तांब्या ओततो. आसन ठरलेलं, दिशा ठरलेली, तिळाच्या तेलाचा दिवा, ठरलेल्या माळा. बोलणं कमी, मोबाइल बंद. बाहेरचं खाणं वर्ज्य, म्हणजे मिसळही गेली, आणि नाशिकमध्ये राहून मिसळ सोडणं हे काही साधंसुधं वैराग्य नाही. त्याची जपाची वही तर पाहण्यासारखी असते. पट्टीने आखलेले रकाने, तिथी, वार, माळांची संख्या, पुढे निळ्या पेनाची बरोबरची खूण, एकही दिवस कोरा नाही. त्याच टेबलावर त्याची चालू घडामोडींची वही असते. ती तिसऱ्या पानावर थांबलेली आहे.

तेव्हा प्रश्न कष्टांचा नाही. जो पोरगा सकाळी सातला उठून इतिहास वाचत नाही, तोच रात्री दोनला उठून पिशाच्चाची वाट बघतो. आळशी माणसाला हे जमणार नाही. मग तो टाळतो तरी काय? माझ्या मते तो टाळतो ती परीक्षा. आयोगाची नव्हे, ती तो वर्षानुवर्षं देतच असतो. तो टाळतो ती घरातली, रोजची, पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारण्याची आणि उत्तर न आल्यावर ओशाळण्याची परीक्षा. अभ्यास माणसाचा दर दहा मिनिटांनी पाणउतारा करतो. साधना कधीच करत नाही. १०८ मणी ओढले की माळ पूर्ण होते. मणी चुकीचा ओढला असं कुणी म्हणत नाही. शिवाय साधनेत अपयशाची कारणं आधीच शिवून ठेवलेली असतात. दिवा मध्येच विझला, शेजारी सुतक होतं, आईने नेमकं त्याच वेळी दार वाजवून "बाळा, अजून जागा आहेस का रे?" असं विचारलं. निकाल काहीही लागो, साधकाला काही येत नाही हा निष्कर्ष कधी निघत नाही. अशी सोय लक्ष्मीकांताने केलेली नाही.

आता गंमत अशी, की ज्या ओशाळण्यापासून तो पळतो, त्यातच स्मरणशक्तीची सगळी मेख आहे. १८८५ मध्ये हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या लांबलचक याद्या स्वतः पाठ करून, त्या किती वेळात किती विसरल्या जातात याची मोजदाद प्रसिद्ध केली. त्याच्या शेजाऱ्यांना तोही मंत्र सिद्ध करतोय असंच वाटलं असेल; फरक एवढाच, की तो रोज स्वतःची चूक मोजत होता. पुढे २००६ मध्ये रोएडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट केले. काहींनी उतारा पुन्हापुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आपल्याला चांगलं येतंय याची त्यांना खात्रीही जास्त होती. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे पारायणातून आत्मविश्वास येतो आणि चाचणीतून आठवण येते. उरली झोप. दिवसभरात शिकलेलं डोक्यात पक्कं बसायला झोप लागते, आणि आपला साधक स्मरणशक्तीसाठी नेमकी तीच सोडतो. महिनाभर अपुऱ्या झोपेवर, अंधारात, दिव्याकडे टक लावून बसलं की कानात आवाज येऊ लागतात यात गूढ फारसं नाही. जागरणाने भास होतात हे डॉक्टरांना ठाऊक आहे. पिशाच्च आलंच तर ते असं येतं. आणि आवाज थांबेचनात, तर पुढची भेट गुरूची न घेता मनोविकारतज्ज्ञाची घ्यावी, एवढं मात्र थट्टा बाजूला ठेवून सांगायला हवं.

यावर साधकाचं उत्तर तयार असतं: आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं. होतंच. याच गोदावरीच्या काठी, नाशिकच्या खाली प्रतिष्ठान म्हणजे पैठण आहे आणि पिशाच्चाकडून ज्ञान मिळवणारा आपला सर्वांत नामांकित माणूस तिथलाच. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ही कथा आहे. सातवाहन राजाला राणीचं संस्कृत कळलं नाही. 'मोदकैः', म्हणजे 'मा उदकैः', पाणी उडवू नका, असं ती म्हणाली आणि यांनी मोदक मागवले. दरबारात हसं झालं. राजाला व्याकरण शिकायची घाई झाली. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षं लागतील. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो; पैज लागली. क्लासच्या फलकांचा हा मूळपुरुष कार्तिकेयाच्या कृपेने पैज जिंकला, आणि हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडून विंध्याचं रान गाठलं. तिथे काणभूती नावाच्या पिशाच्चाने त्याला बृहत्कथा सांगितली. साधक कथा इथपर्यंतच सांगतो. पुढे असं आहे, की ऐकलेलं लिहून काढायला गुणाढ्याला सात वर्षं लागली, सात लाख श्लोक झाले आणि रानात शाई नव्हती म्हणून ते स्वतःच्या रक्ताने लिहावे लागले. एवढं करून ग्रंथ राजाकडे पाठवला तर राजाने तो नाकारला. भाषा पिशाच्चांची आणि अक्षरं रक्ताची. गुणाढ्य पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवत जाळत गेला. राजाला उपरती होईपर्यंत एक लाख श्लोक तेवढे उरले होते. या कथेत पिशाच्चाने मजकूर पुरवला हे खरं, पण लिहिणं, नाकारलं जाणं आणि ते सोसणं यांतलं काहीही माफ झालेलं नाही. सात वर्षांचा अभ्यासक्रम ४१ दिवसांत उरकण्याची सवलत सोमदेवाने कुठे नोंदलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. जपाने काहीच होत नसेल, तर टाकळीचं काय? नाशिकला लागूनच असलेल्या टाकळीत, नासर्डी आणि गोदावरीच्या संगमावर, पाण्यात उभं राहून रामदासांनी बारा वर्षांत तेरा कोटी रामनाम जपलं अशी परंपरा आहे. त्या जपाला हात लावायचं कारण नाही. पण त्याच काळात रामदासांनी वाल्मीकी रामायण स्वतःच्या हाताने उतरवून काढलं असं मानलं जातं, आणि ती प्रत धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवली आहे. आपला साधक टाकळीतला जप घेतो आणि नकलेचं काम झेरॉक्सवाल्याकडे देतो. वेदपाठाचंही तेच. घनपाठ करणारा बटू पहिलं पद, दुसरं पद म्हणतो, मग उलटं दुसरं-पहिलं, मग पहिलं-दुसरं-तिसरं, मग उलटं तिसरं-दुसरं-पहिलं, पुन्हा सुलटं, आणि असं करत एकेक पद पुढे सरकतो. यात डुलकी लागली तर पुढचं पाऊल टाकताच येत नाही. चूक तिथल्या तिथे उघडी पडते आणि समोर गुरुजी बसलेले असतात. स्मरणशक्तीचं इतकं कडक यंत्र आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चाललं, धर्माच्या आतच चाललं, आणि त्यात कानात सांगणाऱ्याला जागा नव्हती. कानात कुणी सांगितलं तर त्याला पाठशाळेत कॉपी म्हणतात.

हे खूळ फक्त आपलंच आहे असं समजून लाजायचंही कारण नाही. मध्ययुगीन युरोपात आर्स नोटोरिया नावाचा एक विधी विद्यार्थ्यांत फिरत होता. ठरावीक प्रार्थना म्हणत ठरावीक आकृत्यांकडे बघत राहिलं, की व्याकरणापासून भूमितीपर्यंत सगळं थोड्याच महिन्यांत अंगी येतं, असा त्याचा दावा. फ्रान्समधल्या मोरिन्यीच्या जॉन नावाच्या साधूने विद्यार्थिदशेत तो करून पाहिला, पुढे त्याला यामागे सैतानी शक्ती आहेत असं वाटू लागलं, त्याने तो सोडला आणि त्याजागी स्वतःचा एक निर्दोष विधी लिहिला. १३२३ मध्ये पॅरिसमध्ये जॉनचा हा ग्रंथही जाळण्यात आला. शॉर्टकट सोडणारा माणूससुद्धा जाताना दुसरा शॉर्टकट सुचवून जातो, एवढं या प्रकरणातून दिसतं.

राहिला ज्योतिषाचा पुरावा. तो भूतकाळ कसा काय अचूक सांगतो? जाणकार सांगतात, की कर्णपिशाच्च भूतकाळ सांगतं, भविष्याचं मात्र त्याला नेमकं कळत नाही. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. भूतकाळ ही गिऱ्हाइकाला आधीच माहीत असलेली गोष्ट. ती ऐकून तो थक्क होतो, पण त्याला नवं काहीच कळलेलं नसतं. आणि निव्वळ भूतकाळच हवा असेल तर रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी जावं. तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की ते चोपडा काढतात आणि तुमचे पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे वाचून दाखवतात; खाली मोडीतली सही असते. आडनाव, गाव आणि नीट लावलेली पानं यांवर हे चालतं, त्यासाठी कुणालाही मध्यरात्री उठावं लागत नाही. साधक हे चोपडे पाहतो, हात जोडतो आणि स्वतःच्या नोट्सना अनुक्रमणिका मात्र करत नाही.

सगळ्यात सहानुभूतीचा आक्षेप असा, की बिचाऱ्याने करावं तरी काय? जागा शेकड्यांत, अर्ज लाखांत, क्लासची फी बापाच्या कांद्याच्या भावावर अवलंबून. अशा जुगारात कुणी नवस बोलला तर त्याला हसू नये. कबूल. नशिबासाठी नवस बोलणारा माणूस मला पूर्ण समजतो, कारण नशीब त्याच्या हातात नाही. पण हा नशीब मागतच नाही. हा स्मरणशक्ती मागतो. या सगळ्या व्यवहारात जेवढी एकच गोष्ट त्याच्या हातात होती, नेमकी तीच तो भुताच्या हवाली करतो आणि उरलेल्याची काळजी स्वतः वाहतो. त्याच्या या वाटणीतून फायदा होतो तो त्याला साधना देणाऱ्या महाराजांचा. त्यांच्याबद्दल फार लिहायला नको. नाशिक रोडच्या मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या मजकुरावरच त्यांची खरी श्रद्धा असते. अंधश्रद्धाविरोधी चळवळीतल्या दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा घरात माळ ओढणाऱ्याच्या वाटेला जात नाही. भुताची भीती घालून किंवा चमत्काराचे दावे करून फसवणाऱ्यासाठी मात्र त्यात सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड आहे. उमेदवाराला स्वतःला अनेकदा फौजदारच व्हायचं असतं. फौजदार घडवणारी महाराष्ट्र पोलीस अकादमी त्र्यंबक रोडवर आहे, आणि गुरूच्या शोधात त्याची त्र्यंबकची वारीही त्याच रस्त्याने होते.

अलीकडे या पंथापुढे एक तांत्रिक अडचण उभी राहिली आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. आधी पिशाच्चाने कानात नुसतं 'क' म्हटलं तरी काम भागत होतं. आता त्याला संघराज्य पद्धतीवर मुद्देसूद उत्तर सांगावं लागेल, तेही उमेदवाराच्या हस्ताक्षराच्या वेगाने. पण साधक डगमगलेला नाही. त्याच्याकडे शेवटचा आणि माझ्या मते एकमेव बिनतोड युक्तिवाद आहे. १४ मार्च २०२१ ची पूर्व परीक्षा आयोगाने तीन दिवस आधी पुढे ढकलली, तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती. परीक्षेची तारीख कधी बदलेल ते सांगता येत नाही. अमावास्येची तारीख कालनिर्णयमध्ये वर्षभर आधी छापून येते, आणि ती आजवर एकदाही पुढे गेलेली नाही.