स्वर्ग दोन बोटे

मराठीत 'बसणे' हे काही चांगलं लक्षण नाही. धंदा बसतो, आवाज बसतो, गाल बसतात, पावसाळ्यात कुंपणाची भिंत बसते आणि तिच्यासमोर घरचा कर्ता माणूस डोक्याला हात लावून बसतो. अपवाद एकट्या गणपतीचा. तो बसला की पेढे वाटतात. पावणे एमआयडीसीत आमच्या शेजारच्या गॅरेजच्या गाळ्यात मात्र गाडी बसली तरी पेढे वाटतात.

गाडी म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. जुनी, गोलमटोल, पाठीला कासवासारखा बाक. इंजिन मागे, डिकी पुढे आणि रेडिएटर औषधालासुद्धा नाही, कारण इंजिन नुसत्या वाऱ्यावर थंड होतं. मालक नेरुळचे. पन्नाशी उलटलेली, नोकरी बेलापूरला, कपाळावर एक कायमची आठी आणि उजव्या हाताची दोन बोटं शपथ घ्यायला निघाल्यासारखी सदा जोडलेली. गाळ्यातली पोरं त्यांना साहेब म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. शेजारचा लेथचा गाळा माझा. शुक्रवारी मी सुट्टी घेतो, पण साहेबांची गाडी येणार असं कळलं की शटर अर्धं वर करून स्टूल टाकतो. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर आणि मध्ये टँकरच टँकर. माणसाने करमणूक तरी कुठे शोधावी?

ती जोडलेली दोन बोटं हे साहेबांचं माप आहे. मागचा टायर आणि त्यावरचं मडगार्ड यांच्यामध्ये किती फट असावी, याचं माप. गाडी घेतली तेव्हा तिथे आख्खी मूठ जायची. साहेबांना तिथे दोन बोटं हवीत. तीन झाली तर गाडी उकिडवी बसल्यासारखी दिसते, एक झालं तर टायर घासतो. दोन झाली की स्वर्ग. आपल्याकडे स्वर्ग दोन बोटे उरतो तो माणसाला गर्व झाल्यावर. साहेबांचा स्वर्गच दोन बोटांचा आहे.

हे एकट्या साहेबांचं वेड म्हणाल तर तसं नाही. या पंथाची माणसं ठाण्यात भेटतील, पुण्यात भेटतील, कोल्हापुरात तर हमखास भेटतील. ओळखणं सोपं आहे. साधा माणूस गाडीचं तोंड बघतो. हा सरळ मागे जातो, भर रस्त्यात उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि सुतार फळीची धार बघतो तसा चाकाकडे बघतो. लग्नाला गेला तर अक्षता पडेपर्यंत पार्किंगमध्ये सापडतो. मोबाइलमध्ये पोरांचे फोटो चार, मागच्या डाव्या चाकाचे चारशे. दुसरे गाडीवेडे आपली गाडी किती पळते ते सांगतात. हा किती बसली ते सांगतो, आणि त्याला 'स्टान्स' म्हणतो. साहेबांनी एकदा बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, हा शब्द समजावून सांगितला. वहिनी म्हणाल्या, "आपल्या सोफ्याच्या स्प्रिंगा दहा वर्षांपूर्वी बसल्या. तेव्हा नाही कुणाला काही म्हणावंसं वाटलं!"

साहेबांना दोष देण्याआधी मूळ गुन्हेगार पाहिला पाहिजे. तो म्हणजे फर्डिनांड पोर्शे. साध्या गाडीला पाटे असतात. मागून खाली करायची तर पाटा काढा, चहा प्या, घरी जा. पोर्शेंनी १९३१ साली पेटंट घेतलं ते पिळाच्या सळईचं. स्प्रिंगच्या पोलादाची सरळ सळई. एक टोक गाडीच्या पोटात घट्ट रोवलेलं, दुसऱ्या टोकाला लांब पट्टी, पट्टीच्या शेवटी चाक. खड्डा आला की चाक वर उचलतं, सळईला पीळ बसतो आणि पीळ उलगडला की चाक जागेवर येतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. पोर्शेंनी त्या भरवशावर अख्खी गाडी उभी केली.

खरी गंमत सळईच्या टोकांना आहे. आतल्या टोकाला चाळीस दात, बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस. (साहेबांच्या तोंडात सव्वीस उरलेत, पण त्यांचा हिशेब त्यांना नाही.) आतलं टोक एक दात फिरवलं की कोन नऊ अंशांनी बदलतो. बाहेरचं एक दात फिरवलं की आठ अंशांहून किंचित जास्त. नुसतं बाहेरचं फिरवलं तर गाडी एका दमात दोनेक इंच खाली येते. पण आतलं एक दात इकडे आणि बाहेरचं एक दात तिकडे फिरवलं, तर हाती उरतो फक्त दोन्हींमधला फरक. तो एका अंशालाही पुरा नाही. चाकापाशी मोजाल तर साधारण पाव इंच.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला. आयुष्यभर लेथवर व्हर्नियर वापरला, पण गाडीच्या पोटात कुणी व्हर्नियर दडवला असेल असं वाटलं नव्हतं. सळई थकून एक बाजू कलली तर दोन्ही बाजू सारख्या करता याव्यात, म्हणून कंपनीने दिलेली ही सोय. साहेबांच्या हाती लागल्यावर तिचं व्यसन झालं. मनासारखी झाली की थांबावं, असं त्या दातांत कुठे लिहिलंय? पाव इंच खाली घेता येतं, पाव इंच वर घेता येतं. त्यात गावाचं नाव पावणे. इथे कुठलीही गोष्ट पुरी होईल कशी? पाव कमीच राहणार.

पहिली बसवणी मी डोळ्यांनी पाहिली. मिस्त्री सांगलीकडचे, तोंडाने कमी आणि पान्याने जास्त बोलणारे. गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या, चाक काढलं, शॉकअब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सोडला. झाकणाचे चार बोल्ट निघाल्यावर आतून जुनं रबर बाहेर आलं, काळं, चुरा झालेलं, बरणीत तीन वर्षं विसरलेल्या आवळ्यासारखं. मागे ती पट्टी, एका खोबणीच्या काठावर दात-ओठ खाऊन टेकलेली. मिस्त्रींनी तिच्याखाली जॅक लावला आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. साहेब वाकून बघतच होते. मिस्त्री म्हणाले, "साहेब, हात मागं घ्या. ही सुटली तर मापाला बोटं ऱ्हायची न्हाईत."

साहेबांनी बोटं खिशात घातली. पट्टी काठावरून सरकली आणि जॅकबरोबर हळूहळू खाली आली. मग खडूच्या खुणा झाल्या. साहेबांनी लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक काढला. त्यावर तिचं नाव आणि 'सहावी ब' असं लिहिलेलं. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला, पट्टीला लावला, परत केला आणि डोळ्यानेच अंदाज घेतला. दोन सळयांची अदलाबदल चालत नाही. डावीला डावीकडचा पीळ, उजवीला उजवीकडचा. आमच्या वाड्यातले दोन चुलते असेच होते.

चार तासांनी काम आटोपलं. चाकं बसवली, जॅक सोडला, गाडी जमिनीला टेकली आणि सगळे गप्प झाले.

गाडी आधीपेक्षा वर होती. दोन बोटं कसली, कोपरापर्यंत हात गेला असता. चाकं खालून आत ओढलेली, पाठ वर. अंगावर पाल पडल्यावर आत्या उभी राहायची, तशी उभी. साहेबांचा चेहरा असा झाला की हेल्पर पोरगा पाणी आणायला धावला. मिस्त्री शांतपणे हात पुसत म्हणाले, "ढकला."

झालं होतं असं. या गाडीचे मागचे दांडे गिअरबॉक्सपाशीच मुडपतात. गाडी उचलली की चाकं लोंबतात आणि खालून जवळ येतात. खाली ठेवली की टायर जमीन पकडून तसेच अडून राहतात. चार हात पुढेमागे लोटल्याशिवाय ती पाय पसरत नाही. मग मी, साहेब, दोन पोरं, चहावाला आणि समोरच्या कंपनीचा वॉचमन असे सहा जण त्या गाडीला लागलो. एक टँकर भोंगा वाजवत खोळंबला. तिसऱ्या ढकलीला कुठूनतरी 'कर्र' आवाज झाला आणि बाळंतिणीने पाटावर बसावं तशी ती सावकाश, सुस्कारा टाकत बसली. साहेबांनी वॉचमनला मिठी मारली. पेढे तेव्हाचे.

पेढा तोंडात असतानाच पहिलं भांडण झालं. मिस्त्रींनी फटीत बोटं घातली आणि म्हणाले, "दोन. बरोबर." साहेबांनी घातली आणि म्हणाले, "तीन." दोघेही खरं बोलत होते. साहेबांची बोटं की-बोर्डवर वाढलेली, मिस्त्रींची पान्यावर. मिस्त्रींची दोन म्हणजे साहेबांची तीन. जगात इंच ठरला, मीटर ठरला, बोट मात्र ज्याचं त्याच्याजवळ राहिलं. पुढच्या शुक्रवारी गाडी पुन्हा घोड्यांवर चढली, पाव इंचासाठी. त्याच्या पुढच्या शुक्रवारी उलट दिशेने, पाव इंचासाठी.

बसलेल्या गाडीचा संसार सोपा नसतो. मागची चाकं वरून आत आणि खालून बाहेर झाली, म्हणजे गाडी फेंगडी चालते आणि टायर आतल्या कडेला आधी झिजतात. बाहेरून नवाकोरा, आतून टकला. इंजिनात तेल अडीच लिटर, आणि ते सोडायची चकती इंजिनाच्या अगदी बुडाशी, म्हणजे रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याची पहिली ओळख तिच्याशी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मते गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, असा ऐसपैस असावा. आमच्या गल्लीतले गतिरोधक ज्याने त्याने उरलेल्या सिमेंटातून घातलेले आहेत. साहेबांना ते सगळे पाठ आहेत. नेरुळहून पावण्याला कुठून यायचं, असं विचारलं तर ते रस्त्यांची नावं सांगत नाहीत, कुठल्या उंचवट्यावर गाडी तिरपी घ्यायची ते सांगतात. पाम बीच रस्त्यावर मात्र रविवारी सकाळी सहाला त्यांना गाठावं. तेवढा तासभर कपाळावरची आठी नसते.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करू नये, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय. साहेबांचा युक्तिवाद तयार आहे : "मी काही लावलं नाही, काही कापलं नाही. दात कंपनीचे, सळई कंपनीची. मी फक्त फिरवली." वकील झाले असते तर लेकीला नवा कोनमापक विकत आणता आला असता. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. पण गाडी मूळ रूपात हवी. साहेबांनी फॉर्म आणलाय. तो वर्षभर डिकीत, म्हणजे पुढे, पडून आहे. नंबर घ्यायचा तर गाडी वर उचलून ठेवायला हवी, या विचाराने त्यांच्याने पेनच उचलवत नाही.

गेल्या शुक्रवारी मात्र जमलं. मिस्त्रींची बोटं बाद करून साहेबांच्या बोटांनी मोजलं. बरोबर दोन, डावीकडे आणि उजवीकडेही. साहेब कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग दार उघडून आत बसले. हेल्पर पोरगा मागे वाकलेलाच होता. तो ओरडला, "साहेब, पावणेदोन!"

साहेब उतरले. दोन. बसले. पावणेदोन. वहिनी शेजारी बसल्यावर किती होईल, हा प्रश्न कोणी काढला नाही. मागच्या सीटवर मुलं बसली की टायर घासणार, हे तर उघडच होतं. म्हणजे गाडी मनासारखी झाली होती, फक्त तिच्यात कोणी बसता कामा नये.

फोक्सवॅगन या शब्दाचा अर्थच लोकांची गाडी. साध्या माणसाला चार चाकांवर बसता यावं म्हणून काढलेली. ३० जुलै २००३ ला मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे शेवटची बीटल निघाली, तोवर अशा २,१५,२९,४६४ गाड्या झाल्या होत्या. एवढ्या गाड्यांत माणसं बसली. साहेबांनी त्यातल्या एकीची किल्ली हेल्पर पोराच्या हातात दिली, कारण त्याचं वजन जेमतेम पंचेचाळीस किलो, आणि स्वतः तिच्या मागोमाग चालू लागले. प्रत्येक उंचवट्यापाशी उकिडवे बसून, एक डोळा मिटून, हाताने सावकाश, सावकाश अशी खूण करत. पालखीपुढे वाट झाडणाऱ्याचा भाव होता तोंडावर.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. रिक्षावाल्याने पुढे खुरडणारी गाडी पाहिली, मागून घामाघूम पायी येणारा मालक पाहिला आणि कळवळून विचारलं, "काय काका, बसली वाटतं गाडी?"

"बसली!" साहेब दोन बोटं वर करून म्हणाले, "अगदी नीट बसली!"