बाया मागून जेवतील!

ती. रीतभात आजींच्या चरणी,
मु. पो. घरोघरची चूल, इस्लापूर, ता. किनवट, जि. नांदेड

शि. सा. न. वि. वि. थोरामोठ्यांचे उपकार तोंडावर बोलू नयेत, म्हणून हे पत्र.

आधी गडीमाणसं, मग लेकरं, मग सासू, उरलं तर सून. तुमच्या या कायद्यामुळं दुरडीतली शेवटची भाकर, पातेल्याच्या तळाचं वरण आणि पाट्यावरचा ठेचा यांवरचा आमचा हक्क आजवर कुणी हिरावू शकलेलं नाही. एवढं पक्कं आरक्षण सरकारलाही जमलं नाही.

कापूस वेचणीला तुमची नजर फार बारीक. सांजच्याला गाठोडं काट्याला लागतं, किलोमागं मजुरी ठरते, पाव किलोचीही चूक चालत नाही. वेचणारीचं वजन मात्र ना लग्नाआधी कुणी विचारत, ना लग्नानंतर. बाईमाणसाचं वजन चारचौघांत काढू नये, ही तुमची मर्यादा आम्ही प्राणपणानं जपतो.

दिवस गेले की आशाताई उपकेंद्रात नेतात. तिथं काटा चाळिशीच्या आसपास थबकतो. तोवर दोन-तीन महिने उलटलेले असतात आणि बाळाला पोसणारी वार पोरीच्या अंगच्या साठवणीवर वाढू लागलेली असते. ती साठवण तुम्ही आधीच काटकसरीनं संपवून ठेवलेली असते, याबद्दल आभार.

सातव्या महिन्यात मात्र तुमची माया उतू जाते. चोळी, ओटी, पाच फळं, डोहाळजेवण! सरकारनंही हाच मुहूर्त धरला. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेचं गरम ताट मिळतं, तेही शेवटच्या तिमाहीत. ताट चांगलंच आहे हो. पण कणसात दाणा भरताना खत टाकावं, तसं झालं.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आगाऊपणा तेवढा माफ करा. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायांना दिवस जाण्याआधीच वजनकाट्यावर उभं केलं. सरासरी वजन भरलं जेमतेम ४२ किलो, आणि बाळं पावणेतीन किलोलाही थोडी कमीच. इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांच्या अंगात मांस कमी, चरबी मात्र शाबूत. म्हणजे पुढं मधुमेहाचा धोका. नातवाला पाळण्यातच एवढा टिकाऊ आहेर तुमच्याशिवाय कोण करणार?

त्याच अभ्यासात कष्टाची कामं उपसणाऱ्या बायांची बाळं लहान भरली, तर पालेभाज्या आणि फळं खाणाऱ्यांची मोठी. तुम्ही तर सांगता, "जास्त खाल्लं तर बाळ मोठं होतं, बाळंतपण अडतं." दूरदृष्टी म्हणतात ती हीच!

तुमची कीर्ती सातासमुद्रापार गेली आहे. डाएन कॉफी या अमेरिकी संशोधक बाईंनी २०१५ मध्ये हिशेब मांडला: भारतात दिवस राहतानाच शंभरातल्या ४२ बायांचं वजन कमी; सहाराच्या दक्षिणेकडल्या आफ्रिकेत साडेसोळा. या शर्यतीतल्या पहिल्या नंबराबद्दल अभिनंदन.

आणि बाळ अडीच किलोच्या आत भरलं की ओसरीवर बसून तुम्हीच म्हणता, "माय खातच नव्हती." खरं आहे आजी, तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलंय?

एकच विनंती. पुढची सून उंबरा ओलांडून आली, की पहिल्या दिवसापासून तिला पहिल्या पंगतीला बसवा. वाढप तुम्ही करा, आणि उरलं तर तुम्ही जेवा. मान तुमचाच आहे.

आपली आज्ञाधारक,
जेवण बाकी असलेली एक सून