केल्विनभाऊ

सुरतच्या लिंबायतमध्ये कुणाकडे लग्न निघालं की यजमान आधी आचारी ठरवतात आणि मग केल्विनभाऊंना कसं टाळायचं या विवंचनेत पडतात. टाळता येत नाही, कारण नात्यातल्या लग्नाचे फोटो ते फुकट काढतात.

भाऊ मूळचे अमळनेरकडचे. वडील उधन्याला लूमवर आले आणि इथलेच झाले. भाऊंचा धंदा रिंगरोडच्या कापडबाजारात साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढण्याचा, आणि वेड पांढऱ्या रंगाचं. आपण म्हणतो, ऊन छान पडलंय. भाऊ म्हणतात, ‘‘५५००.’’ सावलीत गेले की ‘‘७०००’’. पिवळा बल्ब लागला की दलालानं भाव पुकारावा तसं ‘‘२७००!’’ हे सगळं केल्विनमध्ये, म्हणजे उजेडाचा रंग मोजायच्या मापात. बारशाचं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय.

मांडवात शिरताना तुमच्या अंगावर पांढरा शर्ट असला तर तुम्ही सापडलात. ‘‘हलू नका हं.’’ कॅमेरा थेट छातीला भिडतो. मग भाऊ चारचौघांत निकाल देतात, ‘‘हा पांढरा नाही. कपड्याच्या पावडरीत चमक आणणारं रसायन असतं, त्यानं निळा मारतोय.’’ शर्ट धुणारी शेजारीच उभी असते. मग खरा पांढरा ठरवायला खिशातून करडा पुठ्ठा निघतो आणि नवरदेवाच्या हातात जातो. भाऊंच्या प्रत्येक अल्बमचा पहिला फोटो असा: मुंडावळ्या बांधलेला नवरा, पोलीस ठाण्यात पाटी धरल्यासारखा.

एका हळदीला भाच्यानं मोबाईलवर फोटो काढले. पिवळा मांडव, पिवळ्या साड्या, पिवळी नवरी. पांढरा आपोआप ठरवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटलं, दिवाच पिवळा आहे. त्यानं पिवळेपणा काढून टाकला. नवरी थंडीनं काकडल्यासारखी दिसू लागली. ‘‘बघा,’’ भाऊ म्हणाले, ‘‘यंत्रानं लग्नाआधीच हळद उतरवली.’’

स्वतः भाऊ फक्त रॉ काढतात. जेपेग म्हणजे वाढलेलं ताट, रॉ म्हणजे शिधा, हे त्यांचं लाडकं वाक्य. जेपेगमध्ये एकेका रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. शिवाय रॉमध्ये व्हाइट बॅलन्स ही नुसती चिठ्ठी असते. उजेड कोणता होता ते घरी बसून ठरवता येतं. दुखणं इथंच आहे. नंतर ठरवता येतं म्हणून भाऊ ठरवतच नाहीत. कपाटात हार्डडिस्कची उतरंड लागलीय. बाजारातले शेठ फोन करून थकतात, ‘‘केल्विनभाई, फोटा क्यारे आपशो?’’ वहिनी म्हणतात, ‘‘शिधा भरपूर आहे हो घरात, चूल तेवढी पेटत नाही.’’

पण माणूस खरा आहे, हे मला कबूल केलं पाहिजे. एका व्यापाऱ्यानं वैतागून दुसऱ्याकडून फोटो काढून घेतले. लवकर मिळाले, स्वस्तही पडले. रामा आणि मोरपीच या दोन रंगांत फरक नखाएवढा. फोटोत तोही पुसला गेला. रामा हवा असणाऱ्यांनी मोरपीच मागवला, मोरपीचवाल्यांनी रामा, आणि पार्सलं परत येऊन गाळ्यात थप्पी लागली. तो भाऊंकडे आला, तेव्हा भाऊ काही न बोलता दोन्ही साड्या दारात घेऊन गेले. ‘जरा उजेडात दाखवा’ असं म्हणून आपल्या बायका दुकानदाराला पिढ्यान्‌पिढ्या जे करायला लावतात, तेच.

कुणी हसलं तर भाऊ वराछाकडे बोट दाखवतात. तिथं हिऱ्याचा रंग पांढऱ्या कागदाच्या घडीत ठेवून बघतात. ‘‘त्यांना कुणी येडं म्हणतं का?’’

परवा आमच्याकडे साखरपुडा आहे. भाऊ येणार आहेत. तुम्हीही या. फक्त पांढरा शर्ट घालू नका.