लोडरवाले आप्पा

चोपड्याहून शिरपूरच्या रस्त्याला लागलं की दर दोन-तीन गावांमागे एक आप्पा भेटतात. नाव निराळं असेल, टोपी नसेलही. पण ओट्यासमोर बुटका ट्रॅक्टर उभा असतो आणि त्याच्या पुढ्यात आभाळाकडे तोंड करून उचललेली लोखंडी बकेट. उतरण्याआधी बकेट जमिनीला टेकवायची, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढायची, हे आप्पांना पाठ आहे. पण टेकलेली बकेट एसटीच्या खिडकीतून दिसत नाही, त्याला आप्पा काय करणार?

ट्रॅक्टर घेतला तो गरजेपोटीच. केळीच्या दोन ओळींत पाच-सहा फुटांची वाट. तिथे मोठं धूड घातलं तर निम्मी बाग सोबत घेऊनच बाहेर येतं. बैलजोडी परवडत नाही, परवडली तर सालदार मिळत नाही. म्हणून 27 एचपीचा, चारही चाकांनी ओढणारा छोटा ट्रॅक्टर. इथवर आप्पा शेतकरी होते. मग जळगावच्या एका वर्कशॉपातून त्यांनी पुढे लोडर बसवून आणला आणि ते उद्योगी झाले.

शेणखताचा उकिरडा दोन दिवसांत संपला. त्यानंतर उचलण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून आप्पा न उचलण्यासारखं उचलू लागले. गणपती उचलला. मंडपाचे बांबू उचलले. विजेच्या तारेखाली बकेट वर करून, तिच्यात पुतण्याला उभं करून कैऱ्या उतरवल्या. तो खाली आला हे त्याच्या आईचं पुण्य. निवडणुकीत नेत्यावर फुलं उधळायला एका पार्टीने जेसीबी आणला, तेव्हा आप्पाही आपला लोडर घेऊन मिरवणुकीत घुसले. जेसीबीची फुलं नेत्याच्या डोक्यावर पडली. आप्पांची बकेट नेत्याच्या उघड्या जीपच्या काचेपर्यंतच पोचली, आणि पाकळ्या सगळ्या ड्रायव्हरच्या मांडीवर.

खरी गंमत केळीच्या खोडांनी केली. घड कापून झाला की उरतं ते खोड. दिसायला पोकळ, पण आत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच. आप्पांनी बकेट शीग लावून भरली, छातीइतकी उचलली आणि बांधाच्या उतारावर निघाले. बैलगाडीत ओझं मागे गेलं की गाडी उलाळ होते, हे आप्पांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. लोडरमध्ये नेमकं उलटं. सगळा भार पुढच्या ॲक्सलवर येतो, मागची चाकं हलकी होतात, आणि चारही चाकांचा जोर जोडलेला नसला की अशा ट्रॅक्टरचे ब्रेक लागतात ते मागच्याच चाकांना. आप्पांनी ब्रेक दाबला. मागची चाकं जागच्या जागी थांबली, ट्रॅक्टर घसरत पुढे गेला तो थेट पाटात. बकेट वरच राहिली असती तर आडवाच झाला असता. नशिबाने घाबरून लिव्हर पुढे ढकलला गेला आणि बकेट खाली आली.

मेस्त्री आला. त्याने समजावलं: भरलेली बकेट गुडघ्याखाली ठेवून चालवा, उतारावर भार नेहमी चढाच्या अंगाला ठेवा, म्हणजे भरून उतरायचं तर रिव्हर्समध्ये, आणि मागे वजन लावा. रोटाव्हेटर लावा, नाहीतर सिमेंटचा ठोकळा.

शेवटचं तेवढं आप्पांनी ऐकलं. ठोकळ्याला पैसे पडतात. दुसऱ्या दिवसापासून मागच्या लिंकेजवर फळी टाकून मेहुण्यांना बसवायला सुरुवात झाली. कुणी हटकलं की उत्तर तयार, “काही होत नही रे भो! मना साला शे ना मांगे, नव्वद किलोना!” मेहुणेही खूश. बहिणीच्या घरी आजवर त्यांना एवढं वजन कधी मिळालं नव्हतं.

सुरक्षेबाबत आप्पा हलगर्जी आहेत असं मात्र कुणी म्हणू नये. दसऱ्याला ट्रॅक्टरची साग्रसंगीत पूजा होते, बॉनेटवर लिंबू-मिरची शनिवारच्या शनिवारी बदलली जाते. सीटमागे रोल बार आहे. केळीची पानं अडकतात म्हणून तो दुमडून खाली घातलेला. सीटबेल्ट आहे, त्याने चाऱ्याचा भारा बांधलेला. (बार खाली असताना बेल्ट लावायचा नसतो. म्हणजे नियमाच्या एका अर्ध्या भागाशी आप्पांचं जुळतं.) बैल घसरड्या उतारावर आपण होऊन पाय रोवायचा, आप्पांनी शिव्या दिल्या तरी हलायचा नाही. हा लोखंडाचा गडी कुठल्याही सांगण्याला नाही म्हणत नाही, आणि आप्पांना त्याचा हाच गुण सगळ्यांत आवडतो.

आखाजीला शिरपूरचे व्याही आले. त्यांनाही लोडर घ्यायचा होता. आप्पांनी तासभर शिकवणी घेतली. बकेट खाली. किल्ली खिशात. मागची अवजारं फिरवणारा पीटीओ चालू असताना उपरणं दहा हात लांब, मिनिटाला पाचशे चाळीस वेळा फिरणारा शाफ्ट उपरण्याचं टोक धरतो आणि माणसाला सोडत नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल जोडून ठेवायचे. एक शब्द चुकला नाही. व्याही वहीत उतरवत होते.

“आनि मांगलं वजन?” त्यांनी विचारलं.

“तुमले साला किती?”

“तीन शेतस. पन तिन्ही बारीक.”

आप्पांनी क्षणभर विचार केला. “मंग ट्रॅक्टर बी बारीकच ल्या.”